पिप म्हणतो पॅकेज आहे, पायथन म्हणतो नाही

तक्रार दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येते. ‘पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स’ केलं (पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस, म्हणजे तयार कोडचे संच, बसवणारं साधन), ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ असं आलं, प्रोग्रॅम चालवला आणि तरीही ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’. पुन्हा इन्स्टॉल करावं तर पिप म्हणतो, ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’. मग कोणीतरी सुडो (म्हणजे मुख्य युझरच्या अधिकाराने कमांड चालवणं) लावायला सांगतं. मग पायथन काढून नवा टाकला जातो. तरी तेच. शेवटी लॅपटॉप फॉरमॅट करायची भाषा सुरू होते.

यात पिपही खोटं बोलत नाही आणि पायथनही नाही. मशीनवर पायथन एकाहून जास्त असतात आणि हे दोघं वेगवेगळ्या पायथनबद्दल बोलत असतात. सोसायटीत देशपांडे नावाची तीन बिऱ्हाडं असावीत आणि पार्सल दुसऱ्या देशपांड्यांकडे जावं, तसा हा प्रकार. कुरिअरच्या नोंदीत ‘पोहोचलं’ असतं आणि तुम्ही वाट बघत असता. दुसऱ्यांदा ऑर्डर करून काही होणार नाही, तेही तिकडेच जाईल.

म्हणून काहीही इन्स्टॉल करण्याआधी पत्ता विचारायचा. (कमांड आणि एरर इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.)

पायथन३ -सी "इम्पोर्ट सिस; प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल)"

पिप --व्हर्जन

टाइप -ए पायथन३

पहिली ओळ सांगते की प्रोग्रॅम कोणता पायथन चालवणार. दुसरीच्या उत्तरात पिप कोणत्या फोल्डरमधला आहे आणि कंसात कोणत्या पायथनचा आहे, हे दोन्ही असतं. दोघांचे पत्ते जुळले नाहीत तर निदान झालं. तिसरी ओळ बॅश आणि झेडएसएच या शेलसाठी (टर्मिनलमध्ये कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) आहे. या नावाचे सगळे पायथन ती एकाखाली एक दाखवते, आणि त्यात एलियास, म्हणजे कमांडचं टोपणनावही, दिसतो. लोक ‘विच’ वापरतात, पण बॅशमध्ये ‘विच’ला एलियास दिसत नाही. कधीकाळी कुणाचं तरी ऐकून डॉट-बॅशआरसी या बॅशच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये ‘पायथन म्हणजे /यूएसआर/बिन/पायथन३’ असा एलियास टाकलेला असतो. तो कोणत्याही एन्व्हायर्नमेंटला (म्हणजे व्हेन्वला, एका प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथन आणि पॅकेजेसना) जुमानत नाही, कारण एलियासचा नंबर पाथच्या, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीच्या, आधी लागतो.

‘ऑलरेडी सॅटिस्फाइड’च्या ओळीतही पुढे ‘इन’ लिहून फोल्डरचा पूर्ण पत्ता दिलेला असतो. तो कोणी वाचत नाही. त्यात ‘डिस्ट-पॅकेजेस’ दिसलं तर ते डेबियन किंवा उबुंटूच्या स्वतःच्या पायथनचं कपाट आहे. ‘डॉट-लोकल’ दिसलं तर पॅकेज तुमच्या होम फोल्डरमध्ये, पण एन्व्हायर्नमेंटच्या बाहेर पडलंय. ‘डिफॉल्टिंग टू युझर इन्स्टॉलेशन’ अशी ओळ आली तर त्याच क्षणी कंट्रोल-सी दाबा. तुम्ही व्हेन्वमध्ये आहात असं तुम्हाला वाटत असेल, पण तुम्ही बाहेर आहात.

यावरून एक सवय लावून घेण्यासारखी आहे: नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ लिहायचं. मग जो पायथन प्रोग्रॅम चालवणार, त्याच्याच पिपला काम मिळतं. चार अक्षरं जास्त पडतात, पण अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

‘एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट’

गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त घाबरवणारी एरर हीच. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं, उबुंटूत २३.०४ पासून ती दिसू लागली, मग रास्पबेरी पाय ओएस आणि मॅकवरच्या होमब्रूमध्येही. जुन्या व्हिडिओत चालणारी ‘पिप इन्स्टॉल’ची कमांड नव्या मशीनवर लाल अक्षरांत उलटते, आणि मशीनमध्येच बिघाड आहे अशी समजूत होते. बिघाड नाही. पायथनच्या फोल्डरमध्ये ‘एक्स्टर्नली-मॅनेज्ड’ नावाची एक साधी फाइल ठेवलेली असते. ती दिसली की पिप हात आवरतो. पेप ६६८ या पायथनच्या प्रस्तावात तसं ठरलेलं आहे.

कारण साधं आहे. सिस्टिमचा पायथन तुमच्यासाठी ठेवलेला नाही, तो सिस्टिमच्या कामासाठी आहे. ‘अ‍ॅड-एपीटी-रिपॉझिटरी’, ‘यूएफडब्ल्यू’ अशी उबुंटूची कितीतरी साधनं पायथनमध्येच लिहिलेली आहेत. त्यांना लागणाऱ्या लायब्ररीची आवृत्ती एपीटी (सिस्टिमची पॅकेजेस बसवणारं साधन) सांभाळतो. तुम्ही पिपने त्याच लायब्ररीची नवी आवृत्ती वर चढवली की एपीटीला पत्ता लागत नाही, आणि महिन्याभराने भलतंच काहीतरी बंद पडतं. तेव्हा त्याचा संबंध या इन्स्टॉलशी आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

एररमध्येच ‘--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा पर्याय छापलेला असतो आणि बरेच जण तोच उचलतात. पर्यायाचं नावच ‘सिस्टिमची पॅकेजेस मोडा’ असं असताना लोक तो इतक्या निर्धास्तपणे वापरतात, याचं मला आश्चर्य वाटतं. कंटेनरमध्ये, म्हणजे फेकून द्यायच्या सिस्टिमवर, ठीक आहे. रोजच्या लॅपटॉपवर नको. ती ‘एक्स्टर्नली-मॅनेज्ड’ फाइल डिलीट करा असा सल्ला देणारे त्याहून धाडसी.

सरळ मार्ग तीन ओळींचा आहे. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन:

पायथन३ -एम व्हेन्व .व्हेन्व

सोर्स .व्हेन्व/बिन/अ‍ॅक्टिव्हेट

पायथन -एम पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स

व्हेन्व २०१२ पासून, म्हणजे पायथन ३.३ पासून, पायथनसोबतच येतं. तरी डेबियन-उबुंटूने ते वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवलंय, म्हणून पहिलीच ओळ ‘एन्शुअरपिप इज नॉट अव्हेलेबल’ म्हणून अडू शकते. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व’ केलं की सुटतं. पण तेवढ्याने थांबू नका. पहिल्या फसलेल्या प्रयत्नात अर्धवट .व्हेन्व फोल्डर तयार होऊन बसलेला असतो आणि त्यात पिप नसतो. तो आधी काढा, मग पुन्हा बनवा. तो तसाच राहिला तर अ‍ॅक्टिव्हेट करायची फाइलच त्यात नसते, ‘सोर्स’ची ओळ फसते, आणि ‘पिप’ म्हटलं की बाहेरचा पिप उत्तर देतो. मग पुन्हा तीच लाल एरर, आणि ‘व्हेन्व केलं तरी एक्स्टर्नली-मॅनेज्ड का येतंय’ असा गोंधळ. या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

वायटी-डीएलपी किंवा ब्लॅकसारखं टर्मिनलवर थेट चालवायचं साधन हवं असेल तर प्रोजेक्टचा खटाटोप नको. त्यासाठी पिपएक्स आहे. ते प्रत्येक साधनाला स्वतंत्र व्हेन्व देतं आणि कमांड मात्र सगळीकडे मिळते.

रास्पबेरी पायवर एक वेगळा पेच आहे. कॅमेऱ्याचं पायकॅमेरा२ एपीटीने घ्यायचं असतं, आणि साध्या व्हेन्वला सिस्टिमची पॅकेजेस दिसत नाहीत. तिथे व्हेन्व बनवतानाच ‘--सिस्टिम-साइट-पॅकेजेस’ जोडा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये कॅमेरा आला की हा प्रश्न ठरलेला.

अ‍ॅक्टिव्हेट करूनही काही होत नाही

अ‍ॅक्टिव्हेट म्हणजे काही स्विच नाही. ती छोटी स्क्रिप्ट आहे आणि करते एवढंच: पाथच्या सुरुवातीला .व्हेन्व/बिन जोडते, ‘व्हर्च्युअल_एन्व्ह’ नावाचा व्हेरिएबल ठेवते, प्रॉम्प्टवर नाव दाखवते. बदल फक्त त्या एका टर्मिनलपुरता. दुसरी खिडकी उघडली की तिथे काहीच नसतं.

‘सोर्स’ न लिहिता ‘./अ‍ॅक्टिव्हेट’ असं चालवलं तर ‘परमिशन डिनाइड’ येतं. मग कोणी सीएचमॉड करून परवानगी देतं. आता एरर येत नाही, आणि काही होतही नाही, कारण स्क्रिप्ट वेगळ्या शेलमध्ये चालते, तिथला पाथ बदलते आणि त्या शेलसोबत संपते. ‘सोर्स’ किंवा त्याऐवजी नुसता टिंब, यांशिवाय इलाज नाही. फिश शेल वापरत असाल तर ‘अ‍ॅक्टिव्हेट.फिश’ ही वेगळी फाइल आहे.

खरं तर अ‍ॅक्टिव्हेट करायलाच हवं असंही नाही. ‘.व्हेन्व/बिन/पायथन’ हा पत्ता थेट दिला की तो पायथन एक फोल्डर वरची ‘पायव्हेन्व.सीएफजी’ फाइल वाचून आपण कोणत्या घरचे आहोत हे ओळखतो. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या साधनात) टाकलेली स्क्रिप्ट हाताने चालते आणि रात्री आपोआप चालत नाही, या तक्रारीवर हाच उपाय: क्रॉनच्या ओळीत पायथनचा पूर्ण पत्ता लिहा.

सुडोचंही इथेच सांगतो. व्हेन्व चालू असताना ‘सुडो पिप इन्स्टॉल’ केलं तर सुडो स्वतःचा ठरलेला पाथ वापरतो आणि तुम्हाला बाहेर काढून सिस्टिमच्या पिपकडे नेतो. पूर्ण पत्ता देऊन सुडोने आतला पिप चालवला तर फाइली रूटच्या, म्हणजे मुख्य युझरच्या, मालकीच्या होतात आणि पुढच्या वेळी तुम्हालाच परवानगी मिळत नाही. व्हेन्वमध्ये सुडोचं काही काम नाही.

काल चालत होतं, आज नाही

याची कारणं बहुतेक दोनच. पहिलं म्हणजे फोल्डर हलवला किंवा त्याचं नाव बदललं. बिन फोल्डरमधल्या पिपसारख्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत पायथनचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो, व्हेन्वचा पत्ता अ‍ॅक्टिव्हेटमध्येही. ‘प्रोजेक्ट’चं ‘प्रोजेक्ट-फायनल’ झालं की तो पत्ता हवेत. ‘बॅड इंटरप्रिटर’ अशी एरर आली तर हेच समजा. मित्राकडून पेनड्राइव्हवर .व्हेन्वसकट प्रोजेक्ट आणला तरी हेच होतं. आणि एक्सफॅट पेनड्राइव्हवरच लिनक्समधून व्हेन्व बनवायला गेलात तर ते बनतच नाही, कारण त्या फाइल सिस्टिममध्ये सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइली, नसतात. विंडोजवर बनवलेलं लिनक्सवर चालणार नाही, एकाच लॅपटॉपवरच्या डब्ल्यूएसएलमध्येही (विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीत) नाही. विंडोजवर ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डर असतो, लिनक्सवर ‘बिन’.

दुसरं कारण ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड. उबुंटू २२.०४ मध्ये पायथन ३.१० होता, २४.०४ मध्ये ३.१२ आहे. जुन्या व्हेन्वमधला पायथन हा बहुधा /यूएसआर/बिन/पायथन३ कडे बोट दाखवणारा सिमलिंक असतो. अपग्रेडनंतर तेच बोट ३.१२ कडे वळतं. पण पॅकेजेस बसलेली असतात ‘लिब/पायथन३.१०’मध्ये आणि नवा पायथन शोधतो ‘लिब/पायथन३.१२’मध्ये. व्हेन्व वरून धडधाकट, अ‍ॅक्टिव्हेटही होतं, आणि आत एकही पॅकेज सापडत नाही.

दोन्हींवर दुरुस्ती करत बसू नका. .व्हेन्व उडवा आणि नवं बनवा. ते टाकून द्यायचीच वस्तू आहे, जपायची वस्तू ‘रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’, म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसची यादी. व्हेन्व चालू स्थितीत असतानाच ‘पायथन -एम पिप फ्रीझ’चं आउटपुट त्या फाइलमध्ये घेऊन ठेवलेलं असेल तर नवं उभं करणं दोन मिनिटांचं काम. .व्हेन्व गिटमध्ये टाकू नका. पायथन ३.१३ पासून तर व्हेन्व बनतानाच आत एक डॉट-गिटइग्नोर येते.

अपग्रेडचं आणखी एक पिल्लू म्हणजे ‘नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयूटिल्स’. हे तुमच्या व्हेन्वचं पाप नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधून डिस्टयूटिल्स हे पॅकेजेस बांधायचं जुनं मॉड्यूल काढून टाकलंय, आणि नव्या व्हेन्वमध्ये सेटअपटूल्सही आपोआप येत नाही. आत सेटअपटूल्स इन्स्टॉल केलं की बहुतेक जुने प्रोग्रॅम मार्गी लागतात.

टर्मिनलमध्ये चालतं, एडिटरमध्ये नाही

व्हीएस कोड तुमच्या टर्मिनलमधल्या अ‍ॅक्टिव्हेटकडे बघून इंटरप्रिटर ठरवत नाही. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर’मध्ये .व्हेन्वमधला पायथन निवडा. पायथन फाइल उघडी असताना खालच्या पट्टीत कोणता निवडलाय ते दिसतं. यादीत आपलं व्हेन्व नसेल तर बहुधा प्रोजेक्टऐवजी त्याच्या बाहेरचा फोल्डर उघडलेला असतो.

इतकं करूनही चालत नसेल तर तुम्ही कोणतं प्लेचं बटण दाबताय ते बघा. कोड रनर हे एक्स्टेन्शन टाकलेलं असेल तर ‘रन’ दोन ठिकाणांहून होऊ शकतं. कोड रनर सुरुवातीला नुसतं ‘पायथन -यू’ चालवतं, तुम्ही निवडलेल्या इंटरप्रिटरची फिकीर न करता. आउटपुट ‘टर्मिनल’ टॅबमध्ये न येता ‘आउटपुट’ टॅबमध्ये येत असेल तर गुन्हेगार सापडला. सी आणि सीप्लसप्लससाठी पहिल्या वर्षी टाकलेलं हे एक्स्टेन्शन तिसऱ्या वर्षी मशीन लर्निंगच्या प्रॅक्टिकलला असा हात दाखवतं.

जुपिटरची गोष्ट थोडी निराळी. नोटबुक दाखवणारा सर्व्हर एका पायथनवर चालतो आणि सेलमधला कोड चालवणारा कर्नल दुसऱ्याच पायथनवर असू शकतो. व्हेन्व अ‍ॅक्टिव्हेट करून ‘जुपिटर नोटबुक’ म्हटलं म्हणजे कर्नल आतलाच असेल असं नाही. सेलमध्ये सिस.एक्झिक्युटेबल छापून बघा. पत्ता बाहेरचा निघाला तर व्हेन्वमध्ये आयपीकर्नल इन्स्टॉल करा आणि त्याची नोंद करा:

पायथन -एम आयपीकर्नल इन्स्टॉल --युझर --नेम माझाप्रोजेक्ट

मग कर्नलच्या यादीतून ते नाव निवडा. सेलमधून पॅकेज घ्यायचं असेल तर उद्गारचिन्ह लावून ‘!पिप’ नको, टक्का लावून ‘%पिप’ लिहा. पहिलं शेलला जो सापडेल तो पिप चालवतं, दुसरं चालू कर्नलच्या पायथनचा. इन्स्टॉलनंतर कर्नल रीस्टार्ट करायला विसरू नका.

विंडोजवर दोनच गोष्टी सांगतो. पॉवरशेलमध्ये अ‍ॅक्टिव्हेट करताना ‘रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड’ आलं तर ‘सेट-एक्झिक्युशनपॉलिसी -स्कोप करंटयुझर रिमोटसाइन्ड’ एकदा चालवा, किंवा सीएमडी वापरा. आणि ‘पायथन’ टाकल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल तर सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप एक्झिक्युशन एलियासेस’ शोधून तिथली पायथनची बटणं बंद करा. तोवर पीवाय या लाँचरने काम भागतं.

कोंडा आणि यूव्ही

अ‍ॅनाकोंडा (कोंडा या साधनासकट येणारा पायथनचा संच) टाकलं असेल तर टर्मिनल उघडताच त्याचं ‘बेस’ एन्व्हायर्नमेंट चालू होतं. त्यावर व्हेन्व चढवलं की कोण कोणाच्या आत आहे हे कळेनासं होतं. दोन्ही वापरायला हरकत नाही, एकाच प्रोजेक्टमध्ये एकावर एक नकोत. ‘कोंडा कॉन्फिग --सेट ऑटो_अ‍ॅक्टिव्हेट_बेस फॉल्स’ केलं की बेस न बोलावता येत नाही.

पिप आणि व्हेन्व या दोन्हींचं काम करणारं यूव्ही २०२४ मध्ये आलं आणि वेगामुळे पटकन पसरलं. मीही नव्या प्रोजेक्टला तेच घेतो. पण ‘यूव्ही व्हेन्व’ने बनवलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप नसतो. सवयीने ‘पिप इन्स्टॉल’ लिहिलंत तर आत पिप नाही म्हणून बाहेरचा उठतो, आणि आपण पुन्हा पहिल्या परिच्छेदात. ‘यूव्ही पिप इन्स्टॉल’ लिहा, नाहीतर बनवतानाच ‘--सीड’ द्या.

व्हेन्वच्या आवाक्याबाहेरचं

व्हेन्व फक्त पायथनची पॅकेजेस वेगळी ठेवतं. मायएसक्यूएलक्लायंट इन्स्टॉल करताना पानभर एरर आल्या आणि शेवटी ‘पायथन.एच: नो सच फाइल’ किंवा ‘पीकेजी-कॉन्फिग’चं नाव दिसलं, तर कितीही व्हेन्व बदला, उपयोग नाही. तिथे सीमधला कोड तुमच्या मशीनवर कंपाइल होतोय आणि त्याला पायथन३-डेव्ह, डिफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्ह, पीकेजी-कॉन्फिग आणि बिल्ड-इसेन्शियल लागतं. ते एपीटीनेच घ्यायचं. अशा एररचं मूळ कधीकधी वेगळंच असतं: पायथन इतका ताजा असतो की त्या पॅकेजची तयार व्हील, म्हणजे आधीच कंपाइल केलेली फाइल, अजून आलेलीच नसते, म्हणून पिप कंपाइल करायला जातो. मग एक आवृत्ती मागचा पायथन घेऊन व्हेन्व बनवणं सोपं.

आणखी एक छुपी गळती: ‘पायथनपाथ’. हा व्हेरिएबल सेट असेल तर त्यातले फोल्डर व्हेन्वच्या आतही दिसतात, आणि तेही आधी. आरओएस हे रोबॉटसाठीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या टर्मिनलमध्ये तो असतोच. व्हेन्वमध्ये टाकलेली आवृत्ती एक आणि चालते दुसरीच, असं झालं की ‘एको $पायथनपाथ’ करून बघा.

मग हा वेगळेपणाचा खटाटोप कशासाठी, असं कोणी विचारलं तर मी नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचं उदाहरण देतो. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं आणि १.एक्सवर कंपाइल केलेली बरीच पॅकेजेस त्याच्यासोबत चालेनाशी झाली. ज्यांचं सगळं एकाच पायथनमध्ये होतं, त्यांनी नव्या प्रोजेक्टसाठी नमपाय चढवलं आणि जुने प्रोजेक्ट बसले. वेगळी व्हेन्व असलेल्यांनी जुन्यात ‘नमपाय<२’ ठेवलं आणि नव्यात २.

सगळे पत्ते जुळले, कर्नल बरोबर, पायथनपाथ रिकामा, आणि तरीही मॉड्यूल सापडत नाही? मग नाव बघा. इम्पोर्टचं नाव आणि पॅकेजचं नाव एकच असेल असं नाही. सीव्ही२ साठी ओपनसीव्ही-पायथन, पीआयएलसाठी पिलो, यामलसाठी पायवायएएमएल, एसकेलर्नसाठी सायकिट-लर्न. ‘एसकेलर्न’ याच नावाचं पॅकेज आता इन्स्टॉल व्हायलाच नकार देतं, ते बरंच आहे. अंदाजाने नावं टाकत सुटू नका, जवळपासच्या नावाने कोणीही काहीही चढवून ठेवू शकतं.

आणि एकदा स्वतःच्या फोल्डरमधल्या फाइलींची नावं वाचा. प्रॅक्टिकलच्या फाइलला ‘नमपाय.पीवाय’ किंवा ‘रँडम.पीवाय’ असं नाव दिलेलं असेल तर पायथन आधी तीच उचलतो आणि ‘पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल’सारखी चमत्कारिक एरर देतो. नाव बदला आणि पुन्हा चालवा.